फेकजाळ्याचे शिशाचे मणी घरी कसे ओतायचे: सहा घरांचा साचा आणि त्याचा ताप

पैठणच्या नाथसागरापासून गंगाखेड, नांदेडपर्यंत गोदावरीच्या काठाला, तसंच माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरच्या पाण्यावर फेकजाळं चालतं, कुणी त्याला पाग म्हणतं. जाळं किती गोल पडेल आणि किती झटकन तळाला बसेल, हे त्याच्या घेराला ओवलेल्या शिशावर ठरतं. बाजारात तयार मणी किलोवर मिळतात. पण त्यांची वजनं सारखी नसतात, भोकाला बोच असते, आणि आपल्या दोरीला हवा तो आकार बऱ्याचदा मिळत नाही. फाटक्या जाळ्यांचं जुनं शिसं घरात पडून असेल तर मणी स्वतः ओतणं परवडतं आणि जाळंही चांगलं पडतं.

शिसं वितळवणं अवघड नाही, ते ३२७ अंश सेल्सिअसला पाणी होतं. खरं काम साच्याचा ताप सांभाळण्याचं आहे. मण्यात येणारे बहुतेक दोष शिशाचे नसतात, थंड किंवा अति तापलेल्या साच्याचे असतात. दुसरी गोष्ट कोरडेपणाची, आणि तिच्यात तडजोड चालत नाही. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट फुगतं. वितळलेल्या शिशाखाली एक थेंब सापडला तर अख्खी कढई अंगावर उडू शकते.

आधी हिशोब

अडीच मीटर लांबीचं (मधल्या टोकापासून घेरापर्यंत) जाळं पूर्ण उघडलं तर त्याचा घेर साधारण १५.७ मीटर भरतो. दर ८ सेंटिमीटरला एक मणी धरला तर १९६, म्हणजे सरळ २०० मणी धरा. १५ ग्रॅमचा मणी असेल तर ३ किलो शिसं लागतं. वाहत्या धारेत वापरायचं जाळं असेल तर मण्याचं वजन वाढवण्यापेक्षा अंतर ७ सेंटिमीटरवर आणा. वजन जास्त मण्यांत वाटलं गेलं की घेराची खालची कड तळाला सारखी टेकते आणि मासा खालून निसटत नाही.

हे ३ किलो फक्त मण्यांचं झालं. साच्याच्या नरसाळ्यांत, म्हणजे ओतायच्या तोंडांत, किलोभर शिसं अडकतं आणि ते छाटणीनंतरच परत मिळतं, मळीत (वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या राखाडी थरात) थोडं कमी होतं, आणि कढईत शेवटपर्यंत किमान किलो-दीड किलो शिसं राहायलाच हवं. तेवढं नसेल तर प्रत्येक पळीसरशी ताप खाली येतो. म्हणून सुरुवातीला साडेपाच किलो घ्या. साडेपाच किलो शिसं साधारण अर्ध्या लिटरच्या जागेत मावतं, त्यामुळे एक लिटरची कढई पुरते. मात्र शेगडीचं तिपाई आणि कढईचे कान हे वजन पेलणारे हवेत.

कोणतं शिसं

सगळ्यात चांगलं शिसं जुन्या जाळ्यांतलं. ते मऊ असतं आणि कुठून आलं ते माहीत असतं. त्याची एकच अडचण आहे, जुन्या मण्यांच्या भोकांत गाळ आणि ओल बसलेली असते. वरून खडखडीत दिसणारा मणी आतून ओला असू शकतो. नायलॉनचे धागे काढा, भोकांतून तार फिरवून गाळ पाडा, पाण्याने धुऊन कडक उन्हात तीन-चार दिवस पसरून ठेवा. एवढं करूनही हे शिसं नेहमी थंड कढईतच भरायचं आणि मगच खाली जाळ लावायचा. शिसं वितळायच्या कितीतरी आधी उरलेली ओल वाफ होऊन निघून जाते. वितळलेल्या शिशात जुना मणी टाकू नका, तो कितीही वाळलेला वाटला तरी.

भंगारात जुन्या टेलिफोन केबलचं शिशाचं आवरण किंवा शिशाचा पत्रा, पाइप मिळाला तर तोही चालतो. नखाने ओरखडा उठला, चाकूने चिरताना लोण्यासारखं कापलं गेलं आणि फरशीवर टाकल्यावर मंद धप् असा आवाज आला, तर शिसं मऊ आहे. खणखणीत आवाज आला तर दुसराच धातू आहे.

पंक्चरच्या दुकानात चाकांना लावायची जुनी वजनं मिळतात. त्यातली काही शिशाची असतात आणि त्यात अँटिमनी मिसळलेलं असतं. असं शिसं टणक होतं. भोकाच्या मण्याला ते चालतं, पण दाबून बसवायच्या चिरेच्या मण्याला नाही, दाबताना तडकतं. यातली काही वजनं जस्ताची आणि काही लोखंडाची असतात. लोखंड तरंगतं, ते चिमट्याने उचलता येतं. जस्ताचं काम मात्र घातक आहे. ते ४१९ अंशांच्या वर वितळून शिशात मिसळलं की कढईत लापशी झाल्यासारखं होतं, कडा भरत नाहीत, आणि ते घरी वेगळं करता येत नाही. म्हणून ही वजनं वितळवताना ताप ३७० अंशांच्या आसपास रोखा. जस्त त्या तापाला वितळत नाही, वर तरंगत राहतं, ते झाऱ्याने काढून टाका.

बॅटरीतलं शिसं वापरू नका. आत गंधकाचं आम्ल आणि शिशाचे क्षार असतात. जाळ्या आणि पट्ट्यांत अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियमही असू शकतं. त्याच्या मळीला ओल लागली तर आर्साइन आणि स्टिबाइन हे अत्यंत विषारी वायू निघू शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही जुनी बॅटरी अधिकृत व्यवस्थेकडेच जायला हवी. बॅटरी परत करून दुकानदाराकडून पैसे घ्या आणि त्या पैशांत साधं शिसं आणा.

साचा

एका घराचा, म्हणजे एकाच मण्याच्या पोकळीचा साचा सोपा असतो, पण २०० मण्यांना २०० वेळा उघडझाक करावी लागते आणि एवढ्याशा ओतकामावर साचा तापतही राहत नाही. सहा घरांच्या साच्यात दरवेळी सव्वाशे ग्रॅम शिसं जातं, तीच उष्णता पुढच्या ओतकामाला साचा गरम ठेवते. हा त्याचा मोठा फायदा आहे, वेळ वाचणं ही त्याच्या पुढची गोष्ट.

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत मिलिंग मशीन असलेला कारागीर हा साचा करून देतो. त्याला ही मापं द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या, प्रत्येकी २०० मिमी लांब, ४० मिमी उंच, २० मिमी जाड. दोन्हींच्या समोरासमोरच्या अंगावर १० मिमीच्या गोल टोकाच्या कटरने ५ मिमी खोल, टोकापासून टोकापर्यंत २२ मिमी लांब अशी सहा घरं, एका ओळीत. दोन घरांत ८ मिमी अंतर, दोन्ही कडांना १४ मिमी. घरांच्या वरच्या कडेपासून पट्टीच्या माथ्यापर्यंत १२ मिमी सोडा. सगळ्या घरांच्या बरोबर मध्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मण्याचं भोक घडवणाऱ्या ३ मिमी सळईसाठी दोन्ही पट्ट्यांत अर्धी-अर्धी खाच.

या मापांत दोन्ही टोकं गोलसर असलेला, ३ मिमी भोकाचा मणी निघतो आणि शुद्ध शिशात तो जेमतेम १५ ग्रॅम भरतो. मणी जड हवा असेल तर फक्त लांबी वाढवा. ५ मिमी लांबी वाढली की साधारण ४ ग्रॅम वाढतात. व्यास वाढवायचा झाला तर कटरच बदलावा लागतो.

ओतायचं तोंड प्रत्येक घराच्या मध्यावर, माथ्यापासून खाली: वर १० मिमीचं नरसाळं, खाली निमुळतं होत ४ मिमीची मान. मान ४ मिमीपेक्षा बारीक करू नका. सळईभोवतीची मण्याची भिंत साडेतीन मिमी असते. मान त्याहून बारीक ठेवली तर ती आधी गोठते, आणि आतलं शिसं आकसताना त्याला वरून भर मिळत नाही. मग मणी बाहेरून गुळगुळीत दिसतो, आत मात्र पोकळी राहते. शिसं गोठताना आकारमानात साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं. नरसाळ्यातलं जास्तीचं शिसं ती तूट भरून काढण्यासाठी असतं, ते वाया जात नाही.

हवेलाही वाट हवी. प्रत्येक घराच्या दोन्ही टोकांपासून माथ्यापर्यंत, फक्त एका पट्टीवर, टोकदार सुईने बारीक ओरखडे काढा. खोली केसाएवढी पुरे. शिसं इतक्या अरुंद फटीत शिरत नाही, हवा निघून जाते. हे ओरखडे नसले की मण्याची वरची दोन टोकं बोथट राहतात.

दोन पट्ट्या बरोबर जुळाव्यात म्हणून ६ मिमीच्या दोन पोलादी खुंट्या. खालच्या कडेला दोन बिजागऱ्या, वर दोन्ही टोकांना ट्रंकेला असते तशी आवळणारी कडी. फक्त मधल्या दांड्याने दाबून धरलं तर २० सेंटिमीटर लांबीच्या साच्याची टोकं किंचित उघडी राहतात आणि कडेच्या मण्यांना पंख फुटतात. दांड्यांना लाकडी मुठी. सळई ३ मिमी स्टेनलेसची, २६० मिमी लांब, एक टोक वळवून कडीसारखं केलेलं. ती गुळगुळीत पॉलिश केलेली असावी. ओरखडा असलेली सळई शिशातून निघत नाही.

जागा, कपडे, भांडी

हे काम घराच्या आत, स्वयंपाकघरात किंवा लहान मुलं रांगतात त्या अंगणात करू नका. तीन बाजूंनी उघडी शेड सगळ्यात बरी, म्हणजे वर छप्पर असतं आणि पावसाचा थेंब कढईत पडत नाही. वाऱ्याकडे पाठ किंवा बाजू करून उभे राहा, धूर तोंडावर येता कामा नये. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांच्या वर चामड्याचे हातमोजे आणि जाड कपडे घालून उभं राहणं झेपत नाही, चक्कर येते. त्यात वावटळ उठली तर धूळ कढईत आणि धूर अंगावर. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून नऊला आवरा. थंडीचे दिवस सगळ्यात सोयीचे. पावसाळ्यात साचा आणि शिसं दोन्हींवर दमट हवेची ओल धरते, तेव्हा आधीचं तापवणं दुप्पट वेळ करा.

कढई बिडाची किंवा जाड लोखंडाची. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं या तापाला मऊ पडतं, पाच किलो वजनाने त्याचा तळ किंवा कान दगा देऊ शकतो. झाळलेल्या जोडाचं कुठलंही भांडं नको, झाळच वितळते. पळी लोखंडी, पाव किलो शिसं मावेल एवढी, बाजूला चोच असलेली. सहाही घरं एका पळीत भरली पाहिजेत. ही भांडी पुन्हा कधीही अन्नाला वापरायची नाहीत. त्यांच्यावर लाल रंगाने खूण करा आणि ती घराबाहेर ठेवा.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन, टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पायात बंद चामडी बूट, पँट बुटाच्या वरून. डोळ्यांना गॉगल, शक्य असेल तर पूर्ण चेहऱ्याची काच. वेल्डिंगचे कोरडे हातमोजे. साधा कापडी रुमाल शिशाच्या धुरापासून वाचवत नाही, धातूच्या धुरासाठीचा फिल्टर असलेला मास्क घ्या. कढईजवळ वाळलेली वाळू बादलीभर ठेवा, सांडलेल्या शिशावर टाकायला. भाजलं तर लागणारं पाणी चार-पाच पावलं लांब ठेवा. पाणी आणि कढई शेजारी ठेवली की कधीतरी हात चुकतोच.

तंबाखूचं स्वतंत्र सांगायला हवं. शिसं अंगात जाण्याची सगळ्यात सरळ वाट हातातून तोंडाकडे जाते, आणि त्याच हाताने तंबाखू-चुना मळणं म्हणजे विष मळून दाढेखाली ठेवणं. काम सुरू असताना तंबाखू, गुटखा, विडी, चहा, काहीच नको. शिशाची रक्तातली कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अन्नापाण्यातून गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेतात, आणि ते त्यांच्या मेंदूवर परिणाम करतं. गरोदर बाईने आणि मुलांनी या जागेच्या आसपासही येऊ नये.

ओतकाम

पहिल्यांदा साचा साबणाच्या पाण्याने धुवा. कटरचं तेल घरांत राहिलं तर मण्यावर सुरकुत्या पडतात, आणि नवा साचा बिघडल्यासारखा वाटतो तो बहुतेक यामुळेच. पुसून, उन्हात वाळवून, मग शेगडीच्या कडेवर हळूहळू तापवा. कोमट झाला की उघडून घरांना कापराच्या ज्योतीची काजळी धरा. पातळ, राखाडी थर पुरे. जाड काजळी झाली तर तीच मण्यावर खड्डे पाडते. सळईला पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्राफाइटची पूड चोळा.

थंड कढईत थंड शिसं भरा आणि जाळ लावा. सिलिंडर कढईपासून दोन मीटर तरी लांब. शिसं पूर्ण पाणी झालं की वर राखाडी मळी जमते. ती लगेच काढू नका, तिच्यात बरंच चांगलं शिसं अडकलेलं असतं. हरभऱ्याएवढा मेणाचा खडा टाका. धूर येईल, तो पेटवून द्या म्हणजे कमी होतो. लांब दांड्याच्या, आधी तापवून घेतलेल्या कोरड्या पळीने तळ आणि कडा खरवडत मिनिटभर ढवळा. मळीतलं शिसं परत खाली उतरतं आणि वर कोरडी, काळपट भुकटी उरते. ती झाऱ्याने हळू उचलून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. आपटू, फुंकू नका; ही भुकटी म्हणजे शिशाची धूळच आहे.

कढईचा ताप ३८० ते ४१० अंशांत ठेवा. मापायला के-टाइप थर्मोकपल घ्या, मल्टिमीटरसोबत मिळतं. लांबून ताप दाखवणारी बंदूक इथे फसवते. चकचकीत शिशावर ती खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवते, आणि माणूस जाळ वाढवत नेतो. डोळ्याला खूण अशी: मळी बाजूला सारल्यावर आरशासारखा पृष्ठभाग काही क्षण टिकला तर ठीक. त्यावर लगेच निळसर-जांभळी साय धरू लागली तर ताप जास्त झाला, गॅस कमी करा. ताप वाढेल तसा शिशाचा धूर वाढतो, साधारण ४८० अंशांपुढे तर झपाट्याने. तिथवर जायचं कारणच नाही.

आता साचा. कडी लावून बंद करा, आधी चांगला गरम करून घेतलेल्या साच्याचा एक खालचा कोपरा वितळलेल्या शिशात अर्धा मिनिट बुडवून धरा. बाहेर काढल्यावर त्याला शिसं चिकटून गोठलं तर साचा अजून थंड आहे. शिसं निथळून कोपरा कोरडा निघाला तर ओतायला हरकत नाही. साचा जेमतेम कोमट असताना कधीही बुडवू नका, सांध्यात ओल राहिलेली असू शकते.

सळई घालून, कड्या आवळून, साचा नरसाळी वर येतील असा लोखंडी पत्र्यावर किंवा कोरड्या विटांवर सपाट ठेवा. पळीने मळीखालचं स्वच्छ शिसं घ्या. पळी माथ्यापासून १०–१२ मिमी उंच धरून एका टोकापासून सुरू करा आणि धार न तोडता सहाही नरसाळी काठोकाठ भरत जा. थांबलात की तो मणी गेला. नरसाळ्यांवरून थोडं शिसं एकमेकांत मिसळलं तर बिघडत नाही, उलट सहाही मणी एका माळेत उचलता येतात. पुढच्या खेपेला दुसऱ्या टोकापासून सुरू करा. एकाच टोकापासून ओतत राहिलं तर ते टोक जास्त तापतं आणि दुसऱ्या टोकाचे मणी सुरकुततात.

ओतल्यावर नरसाळ्यांकडे नीट बघा. आधी शिसं पाऱ्यासारखं चकाकतं. मग मधोमध किंचित खोलगट होतं, आणि कडेपासून आत सरकत एकदम फिकट पडतं. सहाही नरसाळी फिकट झाली की आणखी पाच-सहा सेकंद थांबा. लगेच सळईची कडी पकडून आधी गोल फिरवा, सुटल्याचं जाणवलं की सरळ ओढा. इथे रेंगाळायचं नाही. थंड होताना शिसं पोलादापेक्षा बरंच जास्त आकसतं, मिनिटभरात मणी सळईला असे आवळून बसतात की हातोडीशिवाय सुटत नाहीत. उलट घाई केली तर अर्धं गोठलेलं भोक वाकडं होतं. दोन-चार खेपांत हाताला तो क्षण कळतो.

कड्या सोडा, साचा उघडा, मणी जाड कोरड्या सुती कापडावर पाडा. अडकला तर लाकडी काडीने ढकला, लोखंडाने साच्याला ओरखडे पडतात. मणी पाण्यात टाकू नका, त्याची गरज नसते आणि पाणी तिथे नकोच. सळई पुसा, ग्राफाइट चोळा, साचा बंद करा, पुढची पळी.

पहिले तीन-चार घाणे सुरकुतलेलेच निघतात, ते कोरडे आणि गरम असतानाच कढईच्या कडेवरून हळू परत सोडा. एकदा साचा रंगात आला की दर मिनिटाला एक घाणा सुटतो, आणि २०० मणी तासाभरात होतात. ही लय तुटू देऊ नका. मध्येच मणी मोजायला, नरसाळी छाटायला थांबलात तर साचा गार होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. छाटणी शेवटी.

बिघडतं कुठे

सुरकुत्या, गोलसर न भरलेली टोकं: साचा थंड. आधी वेग वाढवा, कढईचा ताप नंतर बघा. वेग वाढवूनही सुरकुत्या गेल्या नाहीत आणि त्या एकाच घरात येत असतील तर तिथे तेल आहे किंवा हवेचा ओरखडा बुजला आहे.

मणी चमकदार न निघता दुधी, खरबरीत निघाला तर साचा फार तापला. जाळ्याच्या मण्याला हा दोष नाही, वजन बरोबरच असतं. पण गोठायला वेळ लागू लागतो आणि मणी उघडताना तुटतात. साचा उघडा ठेवून अर्धा मिनिट हवेवर धरा. ओल्या फडक्याने थंड करायचा मोह होतो, तो टाळा.

कडेला पातळ पंख आले तर दोन पट्ट्यांच्या मध्ये शिशाचा कण अडकला आहे. गरम साचा उघडून सांध्यावरून लाकडी पट्टी फिरवा. कणासकट कड्या आवळत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमवर खळगा उठतो आणि तो कायमचा.

आतून पोकळ मणी डोळ्यांना दिसत नाही, तो काट्यावर सापडतो. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी दहा चांगल्या मण्यांची सरासरी काढा. त्याहून अर्ध्या ग्रॅमपेक्षा हलका असेल तो मणी परत कढईत. हा हिशोब अनेकजण सोडतात आणि मग जाळं एका बाजूला आधी पडतं. असे हलके मणी एकाच घरातून येत असतील तर त्या घराची मान तपासा, काजळीने अरुंद झालेली असते.

छाटणी आणि ओवणी

मणी पूर्ण थंड झाल्यावर नरसाळं पक्कडीच्या कटरने मण्याच्या अंगालगत छाटा. उरलेला उंचवटा कानशीच्या दोन हातांत जातो. ही कानस घासताना खाली ओला कागद पसरा, कीस त्यावर पडू द्या.

मग भोक. सळई काढताना भोकाच्या दोन्ही तोंडांना धारदार कड राहते आणि ती नायलॉनची दोरी हळूहळू कापते. जाळं दोन महिन्यांत तळाशी तुटायला लागतं त्याचं कारण बहुतेकदा हेच. ६ मिमीचं ड्रिल बिट हातातच धरून प्रत्येक तोंडावर दोन वेढे फिरवा. मशीनला लावू नका, मऊ शिशात ते एकदम आत घुसतं. बोटाच्या टोकाला कड लागेनाशी झाली की पुरे. २ ते अडीच मिमीची दोरी या भोकातून सहज जाते.

ओवताना प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना दोरीची गाठ द्या. नुसते सरकते मणी ठेवले तर ते एका ठिकाणी गोळा होतात आणि दोरी तुटली की एकदम पंधरा-वीस मणी पाण्यात जातात. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे लांबून बदकं येतात. पाणपक्षी दळणासाठी तळाचे बारीक खडे गिळतात, त्यात शिशाचा तुकडा गेला तर तो पोटात झिजत राहतो आणि पक्षी विषबाधेने मरतो. हंस असे मेल्यामुळेच ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशावर बंदी आली. आपला मणी त्याच वजनात बसतो. गाठ घट्ट मारणं आणि छाटलेले तुकडे काठावर न सांडणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

आवराआवर

कढईतलं उरलेलं शिसं कढईतच गोठू द्यायचं की लहान लोखंडी वाट्यांत ओतून वड्या करायच्या, यात वड्या बऱ्या. पुढच्या वेळी हव्या तेवढ्या घेता येतात. वाट्याही आधी तापवलेल्या हव्यात.

जमीन कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं मळीच्या पिशवीत टाका. अर्थात कढई आणि मळी पूर्ण गार झाल्यावरच. मळीचा डबा बंद करून, वर "शिसं, विषारी" असं लिहून शिशाचं भंगार अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्या. शेतात, उकिरड्यावर, विहिरीजवळ टाकली तर ती तिथेच राहते, कुजत नाही. कपडे घरच्या कपड्यांसोबत धुवायचे नाहीत. हात-तोंड साबणाने, नखं ब्रशने घासून, मगच घरात शिरा आणि पोरांना उचला. वर्षभर वरचेवर ओतकाम करणाऱ्याने डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

शिसं अंगावर उडालंच तर भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेलं शिसं ओढून काढू नका, कातडी सोबत येते. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं असेल तर पाणी मारत मारतच जा.

साचा गार झाल्यावर शेवटच्या खेपेची काजळी तशीच राहू द्या, ती अ‍ॅल्युमिनियमचं रक्षण करते. बिजागऱ्या आणि कड्यांना तेलाचं एक बोट लावा, घरांच्या आत मात्र तेलाचा थेंबही नको. सळई वेगळी, साचा किंचित उघडा ठेवून कोरड्या कापडात गुंडाळा आणि कुलपाच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी पेटीतून काढल्या काढल्या ओतायला बसू नका. पेटीतला साचा थंड असतोच, पावसाळ्यानंतर काढला तर ओलाही असतो. तो शेगडीच्या कडेवर पंधरा-वीस मिनिटं तरी तापू द्या.